बघ्यांची गोष्ट

गोष्ट संपत आली की मुलांचे कान मिटतात. कोल्ह्याची फजिती होईपर्यंत डोळे लकाकत असतात. मग सांगणाऱ्याचा आवाज जरा जड होतो, ‘तर मुलांनो’ असे दोन शब्द येतात आणि पुढच्या रांगेतलं पोर नखाने सतरंजीचा दोरा उसवायला लागतं. आता काय येणार हे त्याला ठाऊक असतं. इसापनीती मराठी घरात आली तीच तात्पर्याचं बोट धरून, आणि तेव्हापासून आपण आधी गोष्ट आणि मागाहून उपदेश असं वाढत आलो आहोत. मुलं ताटातलं हवं ते खातात, उरलेलं तसंच ठेवून उठतात.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत शनिवारी गोष्टी सांगायला जाते. शनिवार आता सरकारी कागदांतही ‘आनंददायी’ झाला आहे, त्यामुळे माझ्यासारख्या रिकामटेकड्या आजीला वर्गात शिरायला निमित्त मिळतं. एकदा चौथीच्या वर्गशिक्षिका मला व्हरांड्यात गाठून म्हणाल्या, ‘‘काकू, चिडवाचिडवी फार वाढलीय हो. एक मुलगी तर शाळेत यायलाच तयार नव्हती. त्यावर एखादी चांगली गोष्ट सांगा ना.’’

घरी येऊन मी पुस्तकांचं कपाट उपसलं. पहिली हाताला लागली ती बदकाच्या कुरूप पिल्लाची. अँडरसनने ती 1843 साली डॅनिश भाषेत लिहिली. आपल्याकडे ती घरोघरी पोचली गदिमांच्या गाण्यातून, खळ्यांच्या चालीत, आशाबाईंच्या आवाजात. माझ्या पिढीतल्या किती जणींनी ते गाणं ऐकून उशीत तोंड खुपसलं असेल. आजही रेडिओवर ते लागलं की माझ्या हातातली भाजी निवडायची थांबते. पण चिडवण्यावरचं औषध म्हणून ती गोष्ट उचलली आणि मी अडले. ते पिल्लू शेवटी राजहंस निघतं! म्हणजे बदकांचं चुकलं ते ओळखण्यात, हसण्यात नव्हे. ते मोठं होऊन मळकट, बेढब बदकच राहिलं असतं तर? तर मग हसणाऱ्यांचं बरोबर होतं का? ज्या मुलीला वर्ग ‘काळी’ म्हणतो तिला मी काय सांगायचं, की थांब, एक दिवस पाण्यात वाकून बघशील आणि गोरी निघशील? अँडरसनला मी दोष देत नाही. तो स्वतः जोडे शिवणाऱ्या गरीब बापाचा मुलगा, लांबुडका, मुख्याध्यापकाच्या टोमण्यांनी पोळलेला. त्याला असा दिलासा हवा होता आणि तो त्याने स्वतःपुरता लिहून काढला. पण वर्गात चाळीस मुलं असतात. सगळी काही राजहंस निघत नाहीत, आणि निघायची गरजही नाही.

दुसऱ्या गोष्टी सूड घेणाऱ्या. पंचतंत्रात त्यांना तोटा नाही. हत्तीने चिमणीची अंडी चिरडली, मग चिमणीने सुतार पक्षी, माशी आणि बेडूक गोळा करून त्या हत्तीला खड्ड्यात घातलं. मुलांना हे भयंकर आवडतं. मी एका शनिवारी सांगितलं की दुसऱ्याला छळणाऱ्या मुलाची गोष्ट आता तुम्हीच रचा. काय वाट लावली त्यांनी त्याची! तो विहिरीत पडला, त्याला साप चावला, वडाखालचं भूत लागलं. एका पठ्ठ्याने तर जेसीबी आणून त्याचं घरच पाडलं. वर्गभर टाळ्या. गंमत अशी की टाळ्या वाजवण्यात आघाडीवर होते ते शाळेतले नामांकित चिडवणारे. या गोष्टीत आपण कोण, अशी शंकाही त्यांना शिवली नव्हती. गोष्टीतला दुष्ट हा नेहमी दुसराच कोणीतरी असतो. मोठ्यांचंही तेच.

मी मग गोष्टी बाजूला ठेवल्या आणि मधल्या सुट्टीत नुसती पायरीवर बसून राहिले. चष्मिस, ढापण्या, जाड्या, तोतऱ्या. ही नावं माझ्याही शाळेत होती, त्यांना म्हातारपण येत नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्या गावांत टोपणनावावाचून माणूस नसतो. साठीतला सहा फुटी गडी अजून ‘बारक्या’ असतो आणि त्या नावाने हाक आली की खूश होऊन वळतो. तेव्हा नाव ठेवलं म्हणजे छळ झाला असं काही मला म्हणवत नाही. मी पाहते ते एवढंच, की ज्याला नाव ठेवलं त्याला उलट नाव ठेवता येतं का. येत असेल तर ती थट्टा. नसेल, आणि तो नुसताच ओशाळं हसत असेल, तर तिथे काहीतरी सडतं आहे. पायरीवर बसून आणखी एक दिसलं. नाव ठेवणारा एकच असतो. ते नाव चालवणारा मात्र अख्खा वर्ग असतो. एखाद्याने सकाळी नवं नाव काढलं आणि कोणी हसलंच नाही, तर दुपारपर्यंत ते नाव मरून जातं. तोही ते विसरतो. त्याला त्या मुलाशी काही देणंघेणं नसतंच. त्याला हवं असतं ते भोवतालचं हसू.

आणि मग मला ती गोष्ट आठवली. आपल्या घरात दर भाद्रपदात सांगितली जाते, पण तिला मी कधी चिडवण्याची गोष्ट समजले नव्हते. गणपती पोटभर मोदक खाऊन उंदरावर बसून निघाला. वाटेत साप आडवा गेला, उंदीर बुजला, गणपती पडला. वर आभाळात चंद्र होता, तो खदखदून हसला. केवढं ते पोट, ते सुपासारखे कान, ती सोंड, आणि वाहन केवढं तर बोटभर! हसणारा देखणा होता, हेही गोष्टीत आवर्जून येतं. त्यावर गणपतीने दिलेला शाप बघा. त्याने चंद्राचं भस्म केलं नाही, त्याला कुरूप केलं नाही, आभाळातून खालीही ओढलं नाही. तो म्हणाला, आजपासून तुझ्याकडे कोणी बघणार नाही, आणि जो बघेल त्याच्यावर खोटा आळ येईल. पुढे विनवण्या झाल्या आणि शाप एका रात्रीवर आला. ती भाद्रपदातल्या चतुर्थीची रात्र. त्या रात्री चंद्र दिसला म्हणूनच प्रत्यक्ष कृष्णावर स्यमंतक मणी चोरल्याचा आळ आला, असं सांगतात.

लहानपणी मला हा अन्याय वाटायचा. हसला चंद्र आणि आळ कृष्णावर? ज्याने नुसतं वर पाहिलं त्याच्यावर? आता वाटतं, ज्या कोणा आजीने ही गोष्ट पहिल्यांदा रचली तिने शाळेच्या पायऱ्यांवर बराच वेळ काढला असावा. हसणाऱ्याला शिक्षा काय, तर त्याचे प्रेक्षक काढून घेणं. आणि जो प्रेक्षक होईल तो आपोआप आरोपी.

हे मी वर्गात म्हटलं नाही. गोष्ट सांगितली आणि थांबले. मग जुंपली. एक गट म्हणाला, बघणाऱ्याचा काय दोष, डोळे आहेत तर दिसणारच. दुसरा म्हणाला, नुसतं दिसणं वेगळं आणि बघत उभं राहणं वेगळं. एकीला प्रश्न पडला की मोदक सांडले ते कोणी गोळा केले. एकाला सापाचं पुढे काय झालं यातच रस होता, तो शेवटपर्यंत सापावरून हलला नाही. घंटा झाली तरी निकाल लागला नव्हता, आणि मी लावलाही नाही.

त्यानंतर आम्ही जुन्या गोष्टींत नव्या माणसांना घुसवायला लागलो. चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, तो चिमणीच्या मेणाच्या घराशी येतो, आणि ती आत बाळाचं एकेक करत बसते, दार उघडत नाही. ही गोष्ट आपण शतकानुशतकं चिमणीच्या बाजूने सांगत आलो. मी म्हटलं, आज ती कावळा सांगणार. पोरं आधी हसली, मग कावळ्याच्या आवाजात बोलताना आपोआप हळू झाली. भिजलेल्या माणसाला दारामागचं सगळं ऐकू येतं, हे त्यांना सांगावं लागलं नाही. नंतर मी विचारलं, त्या झाडावर आणखी कोणाकोणाची घरं होती? मग साळुंकी आली, पोपट आला, सुगरण आली. सुगरणीचं घर सगळ्यांत पक्कं, पण ती म्हणे ‘‘आमच्यात कावळ्याला घेत नाहीत.’’ हे वाक्य एका नऊ वर्षांच्या मुलाने इतक्या सहज टाकलं की मागे बसलेल्या बाई आणि मी एकमेकींकडे पाहत राहिलो. ते त्याने झाडावरून उचललेलं नव्हतं. शेवटी पोपटाने दार उघडलं. का उघडलं? तर रोज रात्री ती टकटक ऐकून त्याची झोप मोडायची. मला हे कारण फार पटलं. करुणेऐवजी झोपमोडीने उघडलेलं दारही दारच असतं.

या बघ्यांचा अभ्यास दूरच्या देशांतही झालेला आहे. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्तिना साल्मिवाल्ली यांनी 1996 साली दाखवलं की वर्गातला छळ ही दोघांची भानगड नसते. कोणी छळणाऱ्याला हात देतं, कोणी हसून बळ देतं, कोणी मान फिरवतं, एखादं मूल मध्ये पडतं. त्या विचारातून तिथे शाळांसाठी ‘किवा’ नावाचा कार्यक्रम उभा राहिला, आणि त्याचा मोठा भर बघ्यांवर आहे. कॅनडातल्या संशोधकांनी शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावून पाहिलं. 2001 साली त्यांनी मांडलं की एखादं मूल मध्ये पडलं, तर निम्म्याहून अधिक वेळा तो प्रकार दहा सेकंदांत थांबतो. दहा सेकंद! आपल्या चतुर्थीच्या गोष्टीला त्यांनी कॅमेऱ्याने दुजोरा दिला, असं मी गमतीने म्हणते.

आणि मध्ये पडणं म्हणजे शूरवीर होणं नव्हे, हे आपल्या मुलांना खेळताना ठाऊक असतं. अंगणात लपाछपी रंगात आली आहे, आणि कोणाचं तरी धाकटं भावंड रडत उभं राहतं. त्याला घ्यायचं तर खेळ मोडतो, न घ्यावं तर ते घरी जाऊन सांगतं. मग कोणीतरी ओरडतं, ‘‘हा कच्चा लिंबू!’’ की झालं. तो धावणार, लपणार, त्याच्यावर राज्य मात्र येणार नाही. कुठल्याही शिक्षकाने न शिकवलेला हा कायदा आहे. अर्थात त्यालाही मर्यादा आहे. दहा वर्षांच्या, पाय ओढत चालणाऱ्या मुलाला कच्चा लिंबू केलं की त्याचा चेहरा पाहवत नाही. त्याला राज्य हवं असतं.

आपल्या शाळांतल्या चिडवण्याचा विचार चष्म्यावर आणि वजनावर थांबवला तर सोयीचं होईल, पण खोटं होईल. इथे आडनाव विचारून हसलं जातं, बोलीवरून हसलं जातं, डब्यात काय आहे त्यावरून नाक मुरडलं जातं. सातारच्या मुलांना तर ही गोष्ट घरातलीच आहे. 7 नोव्हेंबर 1900 या दिवशी भीमराव आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. आता तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या शाळेबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. वर्गात ते कोपऱ्यात गोणपाटावर बसत. झाडणारा माणूस त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी आणायचं. बाकीच्या मुलांना तहान लागली की नळ सोडून पाणी पिता येई. बाबासाहेबांना नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर तहान. मी हे सांगते तेव्हा रंगवून सांगत नाही, आवाज चढवत नाही. गोणपाट, नळ आणि शिपाई एवढं पुरतं. मग विचारते, त्या वेळी वर्गातली बाकीची मुलं काय करत असतील? एक मुलगा म्हणाला, ‘‘पाणी पिऊन खेळायला गेली असतील.’’ यावर वर्गात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण या गोष्टीत जेसीबी आणायला जागाच नव्हती.

श्यामची आईही मी वाचून दाखवते. साने गुरुजींनी ते पुस्तक 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलं. त्यात एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची मोळी खाली पडते आणि तिला ती एकटीने उचलता येत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे, आणि घरी येऊन आंघोळ कर. आमच्या पिढीने हा प्रसंग डोळे पुसत वाचला. आजचा वर्ग विचारतो, ‘‘मग आंघोळ कशाला?’’ प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्यावरून गोष्ट अडते. अडू द्यावी. त्या काळातली एक बाई बघ्यांच्या घोळक्यातून आपल्या मुलाला बाहेर ढकलते, पण एका हाताने त्याला मागेही धरून ठेवते. तिची माया खरी आणि ती आंघोळही खरी. हे दोन्ही एकाच बाईत होतं, हे नऊ वर्षांच्या मुलाला पेलतं. आपल्यालाच उगाच भीती वाटते. आणि त्याला पुढचंही सांगता येतं, की ही गोष्ट लिहिणारा माणूस 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषणाला बसला होता. विठ्ठलाच्या देवळाची दारं सर्वांना उघडावीत म्हणून. तेव्हा त्याला आंघोळ आठवली नसणार.

मोठ्या माणसांसाठी असलं काम ‘फँड्री’ या चित्रपटाने केलं आहे. त्यातल्या जब्याचं कुटुंब डुक्कर पकडायला धावतं आणि गाव कठड्यावर बसून हसतं. आपणही थिएटरात आरामात बसलेलो असतो. आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट पडद्यातून आपल्यावर येतो. नागराज मंजुळ्यांनी त्या एका दगडाने प्रेक्षकांना कठड्यावर नेऊन बसवलं. अशी गोष्ट मला सांगता आली तर!

शिक्षकांविषयी एक बोलायचं राहिलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातल्या सतराव्या कलमाने मुलाला मारायला मनाई केली, तशीच त्याला मानसिक त्रास द्यायलाही. छडी बरीचशी मोडली. ‘‘तू कशाला हात वर करतोस रे, बस खाली,’’ हे वाक्य अजून शाबूत आहे. गुरुजींच्या अशा वाक्यावर वर्ग हसतो तेव्हा चिडवण्याला राजमुद्रा मिळते. मग शनिवारच्या माझ्या गोष्टीचा सोमवारी काय उपयोग?

गोष्टीची ताकद मी फुगवून सांगत नाही. ज्या मुलीने शाळा सोडायचं मनात आणलं होतं, ती पुन्हा यायला लागली ती गोष्टीमुळे नव्हे, तर बाईंनी तिच्या आईशी बोलून तिची जागा बदलली म्हणून. गोष्ट एवढंच करते की पुढच्या वेळी हसायच्या आधी एखाद्याला जरासं अडखळायला होतं. त्यालाही पथ्य आहे. वर्गात घडलेला प्रसंग त्याच आठवड्यात गोष्ट करून सांगू नये. ‘एक ससा होता, तो चष्मा लावायचा,’ असं म्हणायचा अवकाश, चाळीस माना एकाच बाकाकडे वळतात, आणि त्या बाकावरच्या पोराचा आपणच पुन्हा तमाशा करतो. म्हणून तर चंद्र हवा, कावळा हवा, शंभर वर्षांपूर्वीचा नळ हवा.

साने गुरुजींच्या मागे प्रकाशभाई मोहाडीकरांनी कथामाला सुरू केली आणि कितीतरी गावांतली साधी माणसं मुलांना गोष्टी सांगायला उभी राहिली. त्यात शिक्षक होते, कारकून होते, गृहिणी होत्या. आज शाळांत प्रोजेक्टर आहेत, गोष्टींचे व्हिडिओ आहेत, पण मध्येच थांबून ‘‘तुला काय वाटतं?’’ असं विचारणारं माणूस त्या पडद्यावर नसतं. तुमच्या घराजवळ शाळा असेलच. एखाद्या शनिवारी जा, मुख्याध्यापकांना भेटा आणि अर्धा तास मागून घ्या. आधारकार्ड बरोबर असू द्या, हल्ली फाटकावरच विचारतात, आणि विचारायलाच हवं.